डावी कळी

"देवा म्हाराजा, पोरीला बाहेरची काय बाधा असंल तर उजवी दे," काशीराम गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि पाषाणावर दोन ओल्या कळ्या चिकटवल्या.

सगुणा कळ्यांकडे टक लावून बसली. उजवी पडली तर तिचं कॉलेज बंद, हे घरात ठरूनच गेलं होतं. गॅदरिंगला कर्ण्यातून गाणी सुरू झाली तशी ती कान दाबून बाकाखाली शिरली, ती संध्याकाळपर्यंत बाहेर आलीच नाही. तेव्हापासून मिरकरवाड्यात जो तो म्हणत होता, पोरीला कुणीतरी धरलंय.

"उजवीला पाणी जास्त लागलंय," सगुणा म्हणाली. "तीच पडणार."

"गप गो! देवाला अक्कल शिकवतंस?" तिची आई कमळा खेकसली.

डावी कळी गळली.

"चुकलं माझं," सगुणा मनापासून म्हणाली. काशीरामला हसू आलं. "बाहेरचं काय नाय, वयनी."

"मग काय हाय हिला?"

"ता कौलाला कसं विचारणार? तो होय-नाय तेवढंच सांगतो."

देवळाच्या पायरीवर येऊन दोघी बसल्या.

"आये, बाधा नाय ती. घडणच तशी," सगुणा म्हणाली. "मानसशास्त्राच्या बाईंनी मुंबईत अशी मुलं बघितलीत. आवाज टोचतो त्यांना, कुणाच्या डोळ्यांत बघवत नाय. ऑटिझम म्हणतात. मी विचारलं, ती मुलं मोठी झाली की कुठं जातात? बाईंना पण ठाऊक नाय."

बंदरात होड्या लागल्या होत्या, मासळीचा लिलाव सुरू झाला असणार. कमळा रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसून राहिली.

"माझा भाऊस, तुझा केरूमामा," ती म्हणाली, "वरातीत ताशा वाजला की माडावर चढून बसायचा. त्याला पण हयसरच आणलेला. तेव्हा उजवी पडली."

"मग?"

"मग भगताकडं नेला. धुरी दिली, मारला. एक दिवस घरातनं गेला, तो गेलाच."

सगुणा थोडी जवळ सरकली. "आणखी कसा होता?"

कमळाला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. ती आठवत राहिली.

"जाळं वाळत टांगलं की त्याच्याखाली जाऊन निजायचा. उन्हाचे चौकोन अंगावर पडायचे ना, ते बघत. हाक मारली तरी उठायचा नाय."

"छान दिसत असतील."

"असतील गो," कमळा म्हणाली. "एकदा मला पण ये म्हणाला होता."