डॉक्टरांचा लाल सोफा

सगळी गल्ली त्याला गादीवाला म्हणायची, पण गाद्या त्याने केव्हाच सोडल्या होत्या. आता तो जुने सोफे नवे करून द्यायचा. घराची पुढची खोली हेच त्याचं दुकान, आणि त्या खोलीतला एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती: गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर घरातल्या कुणी बसायचं नाही. काम संपलं की सोफ्यावर चादर पडायची आणि सगळं घर खाली चटईवर. मुलगी लहान असताना एकदा सोफ्यावर चढून बसली, तर त्याने तिला हाताला धरून असं खसकन ओढून उठवलं की पुन्हा तिने सोफ्याला बोट लावलं नाही. तीच मुलगी आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती.

पहिलं वर्ष सरकारी मदतीवर निघालं. ज्यांची ऐपत नाही अशांच्या मुलांची फी सरकार भरायचं, पण दरवर्षी कुणीतरी घरी येऊन परिस्थिती पाहून जायचं. गेल्या वर्षी आलेले गृहस्थ उंबऱ्यातूनच घर पाहून परत गेले होते. या वर्षी एक तरुण बाई आल्या. बायको कामावर, मुलगी कॉलेजात, घरी हा एकटाच. त्याने लगबगीने स्टूल पुढे केलं. बाईंनी पर्समधून रुमाल काढून ते पुसलं, रुमालाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू दे, उभीच बरी."

झालं! गरीब माणसाला राग परवडत नाही म्हणतात, पण येतो तो येतोच. याला मिरची झोंबली. मागचा पुढचा विचार न करता त्याने भिंतीकडच्या सोफ्यावरची चादर ओढली. खाली गर्द लाल मखमल. सोफा एका डॉक्टरांचा होता, संध्याकाळी टेम्पो न्यायला येणार होता.

"इथं बसा की."

बाई बसल्या. आणि हा शहाणाही शेजारी बसला, पायावर पाय टाकून!

"छान आहे. तुमचाच का?"

"मग काय शेजाऱ्यांचा?" तो हसून म्हणाला. "आमचाच."

बडा घर पोकळ वासा म्हणतात. इथे तर घरही बडं नव्हतं.

काही दिवसांनी मुलगी कॉलेजातून आली ती पडलेल्या चेहऱ्याने. मदत नाकारली होती. घरची परिस्थिती चांगली दिसते, असं म्हणणं होतं. तक्रार करायची तर पुढच्या शुक्रवारपर्यंत.

"माझंच चुकलं," ती आईला म्हणाली. "मैत्रिणीचा लॅपटॉप टेबलावर ठेवून गेले होते मी. बाईंनी तोच बघितला असणार."

"तुला हजारदा सांगितलं, दुसऱ्याची वस्तू घरात मिरवू नये!" आई कडाडली.

तो गुडघ्यावर बसून एका खुर्चीला कापड ठोकत होता. बारीक खिळे ओठांत धरायचे आणि एकेक काढून ठोकायचा, ही त्याची जुनी सवय. तोंडात खिळे असले की बोलावं लागत नाही. तो बोलला नाही.

नंतरही नाही. मुलीने लॅपटॉप परत केला, कपड्यांच्या दुकानात सोमवारपासून काम ठरवलं. हा दिवसभर खिळे चघळल्यासारखा गप्प. "अहो, जेवताना तरी काढा ते," बायको म्हणायची. माणसाने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला तर लंगडत का होईना चालतो. याचा धोंडा पोरीच्या पायावर पडला होता, आणि वर ती म्हणत होती की माझाच पाय मध्ये आला. त्याला स्वतःची शिसारी आली होती.

गुरुवारी ती पुस्तकं खोक्यात भरत होती. त्याचा चेहरा पाहून म्हणाली, "बाबा, तुम्ही नका ना मनाला लावून घेऊ. चूक माझी आहे, मी निस्तरीन."

त्याने खिळे तळहातावर काढले.

"लॅपटॉप त्यांनी पाहिलासुद्धा नाही," तो म्हणाला. "मी त्यांना डॉक्टरांच्या सोफ्यावर बसवलं. आपलाच आहे म्हणालो."

बायको मुलीकडे वळली. "आणि मी हिला बोलत होते!"

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. ती आता तोडून बोलेल, याची तो वाट पाहत होता. बोलली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे माझ्यामुळे नाही?" तिने हळूच विचारलं, आणि रडायला लागली. थोड्या वेळाने डोळे पुसत म्हणाली, "तुम्हीपण बसलात त्याच्यावर?"

"बसलो."

तिने सोफा असायचा त्या भिंतीकडे पाहिलं. त्याला मात्र तिचा तो लहानपणचा, खसकन ओढलेला हात आठवला.

शुक्रवारी बापलेक त्या बाईंच्या ऑफिसात गेले. बाईंनी खुर्ची दाखवली, तो उभाच राहिला आणि सगळं सांगितलं.

"पण खोटं बोललात कशाला?" बाईंनी विचारलं.

रुमालाची गोष्ट जिभेवर आली होती. त्याने ती गिळली.

"मिजास, बाई," तो म्हणाला. "मिजास मी केली. फेडतेय ही."

बाईंनी तक्रार घेतली. पुन्हा पाहणी होईल म्हणाल्या, पण कधी ते सांगता येत नाही, आणि तोवर फी भरावीच लागेल, कॉलेज थांबणार नाही.

सोमवारी सकाळी मुलगी कपड्यांच्या दुकानात कामावर निघाली. "येते, बाबा," म्हणाली. त्याच्या तोंडात एकही खिळा नव्हता, तरी त्याला काही बोलता आलं नाही.