रिंगमध्ये राहिलेलं कापड

"फिरतच न्हाई बघ हा स्क्रू. गंजलाय मेला. दोन वर्षं कुणी हात लावला न्हाई, आता कसा फिरंल?"

मित्रांनो, ही कुरकुर माझ्याविषयी होती आणि माझ्या अगदी अंगावर वाकून केलेली होती. मी एक जुनी भरतकामाची रिंग आहे. एकात एक बसणारी दोन लाकडी कडी आणि बाहेरच्या कड्याला एक लोखंडी स्क्रू, एवढाच माझा देह. मधे कापड घालायचं, स्क्रू आवळायचा, कापड चांगलं ताणलं की त्यावर सुई चालवायची. सुई आत शिरताना 'टक्' असा बारीक आवाज येतो. तो आवाज आला की समजावं, कापड नीट बसलंय.

कुरकुर करणाऱ्या मुलीचं नाव ऋतुजा. वय वीस. तिने मला पत्र्याच्या डब्यातून काढलं तेव्हा माझ्यात एक पांढरा ॲप्रन अडकलेला होता, आणि त्याच्या खिशावर निळ्या दोऱ्याने फक्त 'डॉ.' एवढंच भरलेलं होतं. पुढे नाव नव्हतं. ते का नव्हतं, हे सांगायचं तर मला थोडं मागे जावं लागेल. मी गोल आहे, फिरून आल्याशिवाय मला जमत नाही.

मला उदगीरच्या बाजारात ऋतुजाच्या आईने घेतलं. सिंधु तिचं नाव. तेव्हा ती शिवणाच्या क्लासला जायची आणि तिचं लग्न ठरत आलं होतं. आमच्याकडे लग्नात रुखवत मांडतात. नवरीने आपल्या हाताने केलेल्या वस्तू पाव्हण्यांना दिसाव्यात, अशी रीत. त्या एका वर्षात सिंधुने माझ्यावर दोन उशांचे अभ्रे, एक तोरण, सहा रुमाल आणि चोचीत मिरची धरलेला पोपट भरला. साखळी टाका, गहू टाका, उलटी टीप. पोपटाचा डोळा तीनदा उसवला, कारण तो तिच्या आत्यासारखा दिसत होता.

रुखवताच्या दिवशी बायका वस्तू उचलायच्या आणि सरळ उलट्या करायच्या. भरतकाम पुढून नाही, पाठीमागून पारखतात. मागे गाठी आणि दोऱ्यांचं जंजाळ दिसलं की संपलं. सिंधुची पाठ साफ होती. एक म्हातारी म्हणाली, "पोरीचा हात चांगला हाय, नांदंल." मित्रांनो, ते प्रमाणपत्र तिचं होतं. पण मी तेव्हा गर्दीत एका कोपऱ्यात पडल्या पडल्या फार फुगले होते.

पुढे रुखवत दुकानात तयार मिळायला लागलं. थर्माकोलचे बंगले, मोत्यांचे मोर, सगळं भाड्याने. मशीनवर तासात दहा पोपट निघू लागले, दहांचाही डोळा अगदी एकसारखा. मी डब्यात गेले. सुयांची पाकिटं, तुटके हूक आणि एक मोजपट्टी, असे आम्ही शेजारी राहिलो. तक्रार नव्हती. कुणी वाईट वागलं नव्हतं, नुसतं विसरलं होतं.

मग ऋतुजा दहावीत तालुक्यात चमकली आणि लातूरला क्लासला गेली. डॉक्टर व्हायला. तिचे वडील रामलिंग मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत दुकानावर कामाला. ते स्वतः तिची गादी एसटीच्या टपावर चढवून आले. दोन वर्षांनी मेडिकलच्या प्रवेशाचा पेपर झाला. केंद्राबाहेर आल्यावर ऋतुजा म्हणाली, "बरा गेला." उदगीरला पोचेपर्यंत सिंधुने त्या 'बरा'चं 'लई चांगला' करून टाकलं होतं.

त्याच आठवड्यात तिने पांढरा ॲप्रन आणला, मला डब्यातून काढलं आणि 'डॉ.' भरलं. भरीव टाक्यात, अगदी जीव लावून. तेवढ्यात शेजारच्या रत्नम्मा आल्या. त्या मूळच्या बिदरकडच्या. त्यांनी ॲप्रन बघितला आणि कपाळावर हात मारला.

"अय्यो, सिंधु! बाळ व्हायच्या आधी कुंची शिवत्यात का गं? निकाल तरी येऊ दे की!"

सिंधु हसली. पण तिची सुई थांबली. आमच्याकडे पोटातल्या बाळासाठी आधी कुंची शिवत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. तिने दोरा तोडला आणि ठरवलं की नाव निकालाच्या दिवशी भरायचं. कापड मात्र माझ्यातून काढलं नाही. काढलं तर तो अपशकुन होईल, असंही तिला वाटलं असावं. तसाच आवळलेला ॲप्रन डब्यात गेला.

निकाल आला. दुसऱ्या वर्षी दुसरा आला. या जूनमध्ये तिसरा आला. मी डब्यात होते, पण पत्रा पातळ असतो, सगळं ऐकू येतं. पहिल्या वेळी घरात म्हणाले, "थोडक्यात हुकलं." दुसऱ्या वेळी, "यंदा पेपरच अवघड होता." तिसऱ्या वेळी सांगायला कारणच उरलं नव्हतं. रत्नम्मांनी दारातून विचारलं, की रामलिंग म्हणायचे, "प्रवेशाची अजून एक फेरी हाय म्हणत्यात." नातेवाइकांच्या फोनवर सिंधु म्हणायची, "चालू हाय अजून." काय चालू आहे ते तिलाही ठाऊक नव्हतं.

ऋतुजा रडली नाही. रडली असती तर मला वाटतं घराला बरं वाटलं असतं. ती वाढलं तर जेवायची, हाक मारली तर उठायची. पुस्तकं खोक्यात होती, खोकं कॉटखाली होतं, आणि ती कॉटवर भिंतीकडे तोंड करून. दरम्यान रामलिंगांनी लातूरच्या क्लासला पुन्हा नाव घातलं. चौथ्या खेपेसाठी. सोमवारची सकाळची एसटी ठरली. जायचंय का, असं तिला कुणी विचारलं नाही. नाही, असं तीही म्हणाली नाही.

त्याआधीच्या बुधवारी तिच्या कुर्त्याचं बटण तुटलं. सुईसाठी तिने डबा उघडला, आणि तिथे मी होते.

स्क्रू फिरेना. मग तिने तो नाद सोडला. सुईत उरलेला निळा दोरा ओवला आणि माझ्या कडेपासून साधा धावदोरा घालायला लागली. टक्. दोन वर्षांनी तो आवाज आला. खाली, वर. खाली, वर. एक फेरा पूर्ण झाला की त्याच्या आत दुसरा. नक्षी नाही, फूल नाही, पोपट तर नाहीच. बुधवार गेला, गुरुवार गेला. तिचा अंगठा माझ्या कडेवर टेकलेला असायचा. पहिल्या दिवशी तो थंड होता, एखादी वस्तू दुसऱ्या वस्तूवर ठेवावी तसा. शुक्रवारी दोरा संपला तेव्हा ती स्वतःहून उठली आणि दुकानात जाऊन तसाच निळा दोरा घेऊन आली. जूनपासून ती पहिल्यांदाच आपल्या पायाने उंबऱ्याबाहेर पडली होती. स्वयंपाकघरात सिंधुच्या हातातली पळी थांबलेली मी ऐकली.

रविवारपर्यंत फेरे 'डॉ.'पर्यंत पोचले. त्या अक्षराला तिने हात लावला नाही. त्याच्या सभोवतीचं कापड कोरं सोडलं.

मित्रांनो, इथे मी माझी एकच विनंती सांगून घेते, कारण यानंतर मला बोलायला जागा नाही. काम थांबलं की आमचा स्क्रू सैल करत जा. कापड काढून, हाताने सारखं करून, घडी घालून ठेवा. अर्धवट असलं तरी चालतं, ते कुठे पळून जात नाही. आवळून ठेवलेल्या कापडाला गोल वण पडतो, आणि ठेवणाऱ्याने ते कितीही मायेने ठेवलेलं असो, तो वण पडतोच.

दुपारी रत्नम्मा आल्या. रामलिंग गादी बांधायला सुतळी सोडवत बसले होते. रत्नम्मांनी सवयीने मला उचललं आणि उलटं केलं. बराच वेळ बघत राहिल्या.

"सिंधु, हिची पाठ तुझ्यापेक्षा साफ हाय गं."

"असंल की," सिंधु म्हणाली. ती येऊन खाली बसली. "काय भरायलीस गं, ऋतू?"

"काही न्हाई. नुसते टाके."

सिंधुने मशीनच्या तेलाचे दोन थेंब माझ्या स्क्रूवर टाकले, पदराने धरून तो पिळला. करकर वाजलं आणि मी सुटले. ॲप्रन बाहेर आला. फेऱ्यांच्या बाहेर, जिथे मी होते तिथे, पिवळट गोल वण होता. सिंधुने त्यावर अंगठा घासला. पुन्हा घासला.

"धुतल्यावर जाईल," रामलिंग लांबूनच म्हणाले.

"न्हाई जायचा, बाबा."

सिंधु घासायची थांबत नव्हती. "माझंच चुकलं," ती कापडाला सांगत होती. "या बाई म्हणल्या व्हत्या, आधी शिवू न्हाई. मीच घाई केली. मी जर ते अक्षर भरलं नसतं तर..."

रत्नम्मांनी तोंडाला पदर लावला. ऋतुजाने आईचा अंगठा धरला. तिचा हात गरम होता, ते मला सिंधुच्या मांडीवरूनही कळलं.

"आई, टाक्यानं कुणाचा नंबर जात न्हाई. तुझं काही चुकलं न्हाई." मग ती वडिलांच्या हातातल्या सुतळीकडे बघून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माझा नंबर लागला न्हाई, बाबा. तिन्ही वेळेला न्हाई लागला. आन् मला डॉक्टर व्हायचं न्हाई."