लाल ठिपक्याच्या पुढे

मी घड्याळजींच्या टेबलावरचा पत्र्याचा डबा बोलतोय. पूर्वी माझ्यात घड्याळांच्या काचा असायच्या. त्या काढून घड्याळजींच्या मुलीनं माझ्या पोटात एक चिप बसवली. माझा जन्म मी तेव्हापासूनचा धरतो.

काम माझं एकच. टेबलावरच्या दिव्याला मोजून करंट द्यायचा. बटण फिरवलं की तो कमी-जास्त होतो, पण एकदा ठरला की ढळत नाही. मुलगी कॉलेजात हेच शिकत होती. वडिलांची नजर उतरू लागली, तेव्हा हवा तेवढा उजेड त्यांच्या हातात द्यायचा असं तिनं मनावर घेतलं.

"तीन पायांची चिप आहे, बाबा. तिच्या दोन पायांमध्ये ती कायम सव्वा व्होल्ट राखते, काही झालं तरी. तिथं रेझिस्टर, म्हणजे करंट अडवणारा तुकडा, जोडला की करंट ठरला. रेझिस्टर कमी केला की करंट वाढतो. हे बटण म्हणजे कमी-जास्त होणारा रेझिस्टर."

"बरं, मास्तरीणबाई," घड्याळजी म्हणाले आणि त्यांनी बटण धरलं. जन्मभर घड्याळांना चावी दिलेला हात तो. अडेपर्यंत फिरवायचं, एवढंच त्याला ठाऊक. रेझिस्टर शून्यावर आला, दिवा एकदा लखकन पेटला आणि जळका वास सोडून विझला.

"झालं उद्घाटन," आई दारातून म्हणाली.

मुलगी रागावली नाही. तिनं माझं झाकण पुन्हा उघडलं, बटणाच्या जोडीला एक छोटा रेझिस्टर कथलाचा डाग देऊन कायमचा बसवला आणि नवा दिवा लावला. "आता पिळा किती पिळायचं ते. बटण संपलं तरी हा मध्ये उभा आहे."

"बापावर भरवसा नाही म्हण की."

"बापावर आहे. बापाच्या अंगठ्यावर नाही."

मग घड्याळजींना चाकांचे दाते स्वच्छ दिसले तिथं बटण थांबवून तिनं नखाला लावायच्या रंगाचा एक लाल ठिपका माझ्या अंगावर दिला.

पुढच्याच वर्षी ती गेली. नऊ दिवसांचा ताप, एवढंच मला ऐकू आलं.

माझ्यापासून दिव्याची वायर सुटली की माझ्या टोकांशी असेल नसेल तेवढा विजेचा सगळा दाब येऊन उभा राहतो, पण वाहत काहीच नाही. घ्यायला समोर कुणी नसतं. त्या दिवसांत घरातली दोघं तशी होती.

तिचं मनगटी घड्याळ चावीचं होतं. घड्याळजी रोज सकाळी आधी त्याला चावी देत, मग माझं बटण ठिपक्यावर आहे ना ते पाहत. ठिपक्याच्या पुढे त्यांनी ते कधी नेलं नाही. नजर मात्र उतरतच होती. बारीक कामं ते परत पाठवू लागले.

एके दिवशी चावी देऊनही ते घड्याळ चालेना. त्यांनी ते उघडलं. दोन दिवस भिंग लावून ते त्याच्यावर वाकून बसले. चिमटा दोनदा चुकला. तिसऱ्या दिवशी आई चहा घेऊन आली आणि तिथंच उभी राहिली.

"अहो, उजेड वाढवा की."

"खूण तिनं केलीय."

"तेव्हाच्या डोळ्यांसाठी केली. डोळे काय तिथंच थांबलेत?"

घड्याळजींनी चिमटा खाली ठेवला. "जळलं तर? तिच्या हातचं दुसरं काय आहे आपल्याकडे?"

"नाही जळणार. त्याचसाठी तर तिनं झाकण पुन्हा उघडलं होतं. विसरलात?"

त्यांनी बटण धरलं. जन्मात कधी चावी दिली नसावी असं ते केसाकेसानं फिरवलं. ठिपका मागे पडला. बटण अडलं. तो सगळा सव्वा व्होल्ट माझ्या पोटातल्या त्या छोट्या रेझिस्टरनं एकट्यानं अंगावर घेतला. दिवा भरून पेटला, आणि पेटलेलाच राहिला.

"जळला नाही," घड्याळजी म्हणाले.

आईनं पदर डोळ्यांना लावला.

चाकाच्या टोकाशी तेल वाळून बसलं होतं. ते त्यांना दिसलं. अर्ध्या तासानं टिकटिक सुरू झाली, तेव्हा घड्याळजींनी माझ्या तापलेल्या पाठीवर पंजा ठेवला आणि चटका बसेपर्यंत उचलला नाही.

आता माझं बटण कायम टोकालाच असतं. याच्यापुढे माझ्याकडे उजेड नाही, आणि त्यांची नजर काही थांबणार नाही. उद्या कुणी जाणता माणूस म्हणेल, तो छोटा रेझिस्टर काढा, आणखी उजेड पडेल. पडेलही. पण माझी हात जोडून विनंती आहे, त्याला हात लावू नका. त्याच्या दोन्ही टोकांना तिच्या हातचं कथिल आहे.

घड्याळजींची चिंता करू नका. एक दिवस त्यांना दाते दिसायचे नाहीत, काटेही दिसायचे नाहीत. पण चावी द्यायला डोळे लागत नाहीत.