पायांतून उतरलेलं तांबं

जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या मागच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध पांढरा टब, त्यात एका बाईचे पाय. पाण्यात निळी रेघ उतरली, पसरली, आणि बघता बघता सगळं पाणी निळंशार झालं. बायकांनी तोंडावर पदर धरले. "हे बघा तांबं," पायांतून विष उतरवणारा पाणीवाला भाऊ हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या पोटात कुजत होतं ते."

आता आमच्या बायका काही खुळ्या नाहीत. आम्ही दिव्यांच्या दांड्यांवर तांब्याचा मुलामा चढवतो. तांब्याचा तुकडा ओल्या फडक्यात विसरला तर हिरवा पडतो, हे आमच्याकडची नवखी पोरगीसुद्धा सांगेल. आणि म्हणूनच सगळ्या फसल्या. मूल लांबवायला दवाखान्यात बसवतात ती तांबी तांब्याचीच, पोटात तर कायम ओल. मग ती आत हिरवी पडणार आणि विष अंगात भिनणार, हे रोज तांबं हाताळणाऱ्या बाईला पटणार नाही तर कोणाला पटणार?

भाऊच्या जिभेला हाड नव्हतं. धातूला पाण्याची ओढ, पाण्याला तळपायांची ओढ, तळपायांना जमिनीची ओढ, असं तो ओढत बसायचा. मधूनच डोळे मिटून म्हणायचा, माझं काही नाही हो, सगळं पाणीच करतं. मग पाण्यालाच बोलवलं असतं की, याला कशाला, असं मी पुटपुटायचे आणि शेजारणीचं कोपर खायचे.

टबात पाय बुडवायच्या रांगेत सगळ्यात पुढे माझी धाकटी बहीण. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिने तांबी बसवली आणि तेव्हापासून पाळी आली की जाता जात नव्हती. पोटात कळा, तोंड पांढरंफटक. जिन्यात मध्येच खाली बसायची. दवाखान्यात चल म्हटलं की मान फिरवायची. भाऊने तिला बजावलं होतं की रक्त जातंय म्हणजे विषच जातंय, जितकं जाईल तितकं बरं, आणि दवाखान्याची पायरी चढलीस तर उतरलेलं सगळं परत चढेल. म्हणजे बाई मरणाच्या दारात गेली तरी याचा उपचार लागूच पडतोय! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एक दिवस मी बहिणीच्या नवऱ्याला हाताला धरून आणलं आणि टबासमोर बसवलं. भाऊ आढेवेढे घ्यायला लागला, पण बायकांनाच गंमत वाटली, त्या हटेनात. शेवटी भाऊने नेहमीसारखे त्याचे पाय खसाखसा कोरडे पुसले, डबीतली पांढरी पूड चोळली आणि पाय पाण्यात सोडले. पाणी निळं झालं.

"भावोजी, तुम्हाला कधी बसवली?" मागून कोणीतरी विचारलं. खोली खदखदून हसली. मला वाटलं, जिंकले.

पण भाऊ कसला पक्का. नवराबायको म्हणजे एकच शरीर, म्हणाला, तिचं विष याला लागणारच. आणि आत्ता हसलेल्या बायकांनी माना डोलावल्या. मी कपाळावर हात मारला.

मग माझ्या डोक्यात आलं, विष पाण्यानेच उतरतं तर पाण्याआधी पायाला ओलीचं एवढं वावडं का? मी त्याच्या डबीतली चिमूटभर पूड उचलली आणि माझ्या प्यायच्या पाण्याच्या पेल्यात टाकली. पेल्यात ना पाय, ना तांबी. पाणी निळं झालं.

आमचा मुकादम पुढे आला. मुलाम्याच्या टाकीत घालतो ते मोरचूद त्याने आणलं, निळे खडे, आणि चहाच्या शेगडीवर तव्यात भाजले. निळेपणा उडाला, पांढरी पूड राहिली. वर पाणी शिंपडलं, पुन्हा निळी. आयुष्य मोरचुदात गेलेल्या बायका, पण ते भाजून कोणी बघितलं होतं? श्रद्धा नसेल तिथे पाणी तरी काय करणार, असं काहीतरी म्हणत भाऊने डबी उचलली आणि काढता पाय घेतला, तशी खोलीत हशा पिकला.

धाकटी मात्र हसली नाही. "मग माझी तांबी अजून आतच आहे?" तिने विचारलं, उठायला गेली आणि माझ्या अंगावर कोसळली.

दवाखान्यात तिला रक्त चढवावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी मला बसवून सगळं समजावलं. तांबी आत कुजत नाही, तिचं विष भिनत नाही. बसवल्यावर पहिले काही महिने रक्त जास्त जातं, कळा येतात, बहुतेकींचं हळूहळू कमी होतं, औषधही मिळतं. पण चक्कर यायला लागली, धाप लागायला लागली तर सोसत बसायचं नाही. क्वचित तांबी जागची सरकते, हिची सरकली होती. काढायला जराही वेळ लागला नाही. नको असेल तर कोणतीही बाई ती काढून घेऊ शकते, दुसरे उपायही आहेत.

संध्याकाळी धाकटीने डोळे उघडले. मी रागावले, आधीच का नाही आलीस म्हणून.

"आले होते," ती म्हणाली. "दोनदा आले. तेव्हा इथे होत्या त्या बाई म्हणाल्या, सगळ्यांनाच होतं, सवय होईल. भाऊने विचारलं, जिना चढायला जमतं का गं तुला? तेवढं एकट्या त्यानेच विचारलं, ताई."

मला रडू आवरेना. भाऊची पूड मी पेल्यात टाकून उघडी पाडली, पण या दोन खेपांचं काय करू?

म्हणून हात जोडून सांगते. चमत्कार दिसला की आधी तो माणसाशिवाय करून बघा. अंगातून काही उतरवतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा आणि दवाखाना गाठा. आणि तिथे कोणी 'सगळ्यांनाच होतं' म्हणून परत पाठवलं तर दारातून हलू नका, पुन्हा सांगा, ओरडून सांगा. माझी बहीण दोनदा सांगून गप्प बसली, आणि आमच्या हातून जाता जाता वाचली.