पोचण्याआधीची खूण

मी एक लायब्ररी बोलतेय. पण पुस्तकांची कपाटं डोळ्यांसमोर आणू नका, माझ्यात एकही पुस्तक नाही. सुतार दाराच्या चौकटी करून ठेवतो आणि घर बांधणारा त्यातली एक उचलून आपल्या भिंतीत बसवतो ना, तशी मी वेबसाइट बांधणाऱ्यांसाठी तयार करून ठेवलेली चौकट आहे. वेबसाइटवर फॉर्म असतो. नाव लिहा, गाव लिहा, 'पाठवा' दाबा. तो मांडायचा आणि लिहिलेलं नीट पोचवायचं, हे माझं काम. मला कुणीही न्यावं, उघडून बघावं, हवं तसं बदलावं. फुकटच्या वस्तूला मान कमी असतो, तो मीही सोसलाय.

माझा कर्ता लांबच्या देशातला, डोंगरातल्या शाळेत शिकवणारा माणूस. वारा सुटला की त्याच्या घरचं नेट जायचं आणि लिहिलेलं सगळं उडून जायचं. त्या वैतागातून त्याने मला लिहिलं. म्हणून मला एक सवय लागली. पलीकडून 'मिळालं' असं उत्तर येईपर्यंत मी हातातला मजकूर सोडत नाही. नेट गेलं तर त्याच फोनमध्ये जपून ठेवते, आलं की पुन्हा धाडते. दिसायला मात्र मी अगदी साधी, पांढऱ्यावर काळी अक्षरं. काम पुरं झाल्यावर त्याने मला सगळ्यांसाठी खुलं केलं आणि तो आपल्या मुलांना शिकवायला गेला.

तिथून माझे दिवस फिरले. आमच्या बाजारात निवडणारा आधी दोनच गोष्टी बघतो, किती जणांनी नेली आणि शेवटचा हात कधी फिरला. दोन-तीन वर्षं कुणी काही बदललं नाही की ती मेली असं धरतात. पाणी लागल्यावर विहीर खोदायचं थांबवतात, म्हणून तिला कुणी मेलेली म्हणत नाही. आम्हाला म्हणतात.

तरीही मला युसूफ वडगावात घर मिळालं. देशाचा बाजार जगाला खुला झाल्याला वीस-बावीस वर्षं होऊन गेली होती. गावात टॉवर उभा राहिला होता आणि चहाच्या टपरीवरही रिचार्ज मिळत होतं. कल्याणरावांच्या कापड दुकानाला लागूनच त्यांच्या मुलाने, राजेश्वरने, कॉम्प्युटरचं दुकान टाकलं होतं. झेरॉक्स, लग्नपत्रिका, लोकांचे ऑनलाइन अर्ज, असली कामं चालायची. शेजारच्या खुर्चीवर त्याची बायको रुद्राणी बसायची. केजच्या एका संस्थेने अकरावी-बारावीच्या मुलींसाठी राहण्या-खाण्याचं मोफत वसतिगृह काढलं आणि त्याच्या प्रवेशाची वेबसाइट करायचं काम राजेश्वरला दिलं. एवढं मोठं काम त्याला पहिल्यांदाच मिळत होतं.

फॉर्मसाठी त्याने आम्हा तीन लायब्रऱ्यांना निवडून काढलं. पण निवडायची रीत काढली रुद्राणीने. कापडाच्या गोदामात गठ्ठ्यांच्या मागे रेंज जायची, हे तिला ठाऊक होतं. ती एकेकीला मोबाइलवर घेऊन आत जायची, फॉर्म भरायची, 'पाठवा' दाबायची आणि बाहेर यायची. पहिल्या दोघींनी सगळं सांडून टाकलं. मी बाहेर आल्या आल्या पोचवलं.

"दिसायला लई साधी हाय, पण इसरत न्हाई," ती म्हणाली.

राजेश्वरला माझी जुनी तारीख खटकत होती. कल्याणराव मधल्या दारातून ऐकत होते. त्यांनी सांगितलं, की कापडाचा रंग दुकानात बघावा पण पोत धुतल्यावर बघावा, आणि सूनबाईने धुऊन बघितलंय. त्यानंतर राजेश्वरने वाद घातला नाही. मला त्या दिवशी फार आनंद झाला. कुणीतरी माझं तोंड न बघता काम बघितलं होतं.

तो आनंद पंधरा दिवसही टिकला नाही. संस्थेचे सचिव उत्तरेश्वर सर वेबसाइट बघायला आले आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, हे तर तहसीलच्या कागदासारखं वाटतंय. पुण्यातल्या कुठल्याशा संस्थेचं त्यांनी पाहिलं होतं. त्यावर रंग होते, गोल कडांची बटणं होती. सगळ्यात जास्त त्यांना खुपलं ते माझं बोलणं. 'पाठवा' दाबल्यावर मी 'थांबा, अजून पोचलं नाही' असं दाखवायची. त्यांचं म्हणणं, असलं वाचून पोरी घाबरतात. दाबलं की लगेच हिरवी बरोबरची खूण आली पाहिजे.

मग राजेश्वरने दुसरी आणली. देखणी होती, हजारो लोकांनी नेलेली, कालच तिच्यावर हात फिरलेला. ती वाईट नव्हती, हे मी सांगितलंच पाहिजे. जिथे नेट तुटत नाही तिथे ती सुखाने नांदत असेल. दाबल्याबरोबर खूण दाखवायला तिला राजेश्वरनेच सांगितलं होतं.

"अहो, पोचल्याबिगर खूण कावून दाखवायची?" रुद्राणीने विचारलं.

"सरांना तसंच पाहिजे. आन् रेंज असली की जातंयच की."

"नसली तर?"

तो पुन्हा कीबोर्डकडे वळला. पहिलंच मोठं काम हातचं जाईल ही धास्ती त्याच्या मनात होती. मला ती दिसत होती, म्हणून त्याचा राग करावासा वाटला तरी करता येत नाही.

मला त्याने काढूनही टाकलं नाही. काही बिघडायला नको म्हणून तशीच आत ठेवली. वेबसाइट उघडली की मीही त्या फोनमध्ये उतरायची, पण काम कुणी सांगायचं नाही. पाहुण्याच्या घरात दाराशी बसून राहावं तशी मी असायची. पुढचं सगळं मी पाहिलं ते असं.

धर्मापुरीकडचे बंकट आणि सारजाबाई मेंढरं राखणारे. त्या उन्हाळ्यात त्यांचा मेंढरांचा वाडा गेवराईच्या बाजूला, गोदाकाठच्या रानात बसला होता. त्यांची लेक उज्ज्वला धर्मापुरीत मावशीकडे राहून शिकली आणि दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. त्यांच्या घरात दहावीपर्यंत कुणी गेलं नव्हतं. मावशीचं घर लहान, पुढे शिकायचं तर वसतिगृहाशिवाय इलाज नव्हता. सुट्टीत ती मेंढरांमागे आली होती. फॉर्म निघाल्याचं कळताच बापाचा मोबाइल घेऊन ती कालव्याच्या भरावावर चढली, कारण खाली रेंज नव्हती.

रंगांच्या ओझ्याने पान उघडायलाच केवढा वेळ लागला. तिने एकेक अक्षर जपून लिहिलं. आईचं नाव लिहिताना ती जरा हसली. मग तिने 'पाठवा' दाबलं आणि त्याच क्षणी रेंज गेली.

हिरवी खूण मात्र आली, छान डुलत डुलत आली. उज्ज्वला पळत खाली उतरली आणि तिने आईला ती दाखवली. सारजाबाईने पिशवीतला भंडारा काढून लेकीच्या कपाळाला लावला. मी त्याच फोनमध्ये होते. तिचं नाव, तिचे मार्क माझ्या अगदी हाताशी पडलेले होते आणि मला ते उचलायची आज्ञा नव्हती. बंकटने ते पान बंद केलं तेव्हा ते सगळं पुसून गेलं. माझ्या उभ्या जन्मात एवढी लाचार मी कधी झाले नव्हते.

खूण आली म्हणजे प्रवेश झाला असं धरून जुलैत बंकट नवी पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन लेकीला केजला घेऊन आला. वसतिगृहाच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरवर पान उघडं होतं, म्हणजे मी तिथेही होते. राजेश्वर त्या दिवशी काही दुरुस्तीला आला होता. नाव शोधलं, सापडलं नाही. पुन्हा शोधलं. जागा तर केव्हाच भरल्या होत्या.

उत्तरेश्वर सर कठोर माणूस नव्हते. त्यांनी दोघांना पाणी दिलं, नेटचा प्रॉब्लेम असेल म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की बघू म्हणाले. बंकट हात जोडून उभा होता.

"सायेब, खूण आलती. म्या सोता बघितली," तो म्हणाला. "म्हून तर दुसरीकडं कुटंच फारम भरला न्हाई."

उज्ज्वला रडली नाही. कॉम्प्युटरशी बसलेला माणूस ह्यातला जाणकार असणार, हे तिने ओळखलं आणि त्यालाच विचारलं, "दादा, मंग ती खूण कशाची व्हती?"

राजेश्वरला खोटं बोलता आलं असतं. तो खाली बघत म्हणाला, "दाबल्याची. पोचल्याची न्हाई."

"दाबलं ते मला म्हाईतच व्हतं की," उज्ज्वला म्हणाली.

बंकटने पेटी उचलली, आणि बापलेक एसटी स्टँडकडे निघून गेले.

घरी जाऊन राजेश्वरने रुद्राणीला सगळं सांगितलं. ती त्याला टोचून बोलली नाही. त्याने त्याच दिवशी खूण बदलली, उत्तर आल्यावरच दिसेल अशी केली. आठ दिवसांत सरांचा फोन आला, पान अडकतंय म्हणून तक्रारी येताहेत. नववा दिवस उजाडायच्या आत खूण होती तशी झाली. पळसाला पानं तीनच. पुढच्या जूनमध्ये गेवराईकडच्या रानातून, बंकटच्या फोनवरून, ते पान कुणी उघडलं नाही.

मी अजून आहे. रोज कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये उतरते, त्यांचं थोडं नेट खाते आणि काही न करता परत जाते. मला काढून टाकलंत तरी माझी तक्रार नाही, रिकामं बसून खाण्यापेक्षा ते बरं. पण उद्या तुम्ही कुणासाठी चौकट निवडायला बसाल, तेव्हा रंग हवा तो घ्या, फक्त भरावावर उभ्या असलेल्या पोरीला खरं सांगणारी घ्या. 'अजून पोचलं नाही' हे शब्द उत्तरेश्वर सरांना भीतीचे वाटले. उज्ज्वलाने 'पाठवा' दाबलं तेव्हा फॉर्मची मुदत संपायला पाच दिवस बाकी होते. ते शब्द तिला दिसले असते, तर ती दुसऱ्या दिवशी पुन्हा भरावावर चढली असती.