चार बोटं

गाडी उंच करून द्या म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत. चाळीस वर्षांत अशी बरीच आली. फक्त मागच्या दोन चाकांना इंजिनाची ओढ असलेला साधा पिकअप, पण त्याला मोठे टायर लावून चौकात मिरवायचं असतं. अशा उंटावरच्या शहाण्यांना मी दुसऱ्या गॅरेजचा पत्ता देतो.

त्यामुळे जावई पिकअप घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाबा, हिला उंच करायची आहे," तेव्हा मी हातातला पान्हासुद्धा खाली ठेवला नाही.

"कशाला? वरून जग बघायला?"

जावई शांत माणूस. त्यांच्याशी भांडायचं म्हणजे दोन्ही बाजू आपणच सांभाळायच्या. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला आणि सरळ मुद्द्यावर आले. डोंगरावर त्यांची रोपवाटिका. तिथे जाणाऱ्या रस्त्याच्या शेवटच्या वळणावर एक खडक आडवा पडलेला आहे. भरलेल्या गाडीची पुढची चाकं तो ओलांडतात आणि मग पोट खडकावर टेकतं. ऑइल चेंबर दोनदा फुटून झाला होता. वर तीन हजार रोपं तयार होती आणि पंधरा दिवसांत ती खाली एका बागेत पोचवायची होती. दुसरा कोणी गाडीवाला त्या वळणावर यायला तयार नव्हता.

"या वेळी नाही जमलं तर आम्ही वाटिका बंद करतोय," ते म्हणाले. "परत गावात येऊ. दोघांचं ठरलंय."

खरं सांगतो, मला आनंद झाला. दोन वर्षांपूर्वी माझ्या लेकीने चांगली ऑफिसातली नोकरी सोडून त्या डोंगरावर बिऱ्हाड नेलं, तेव्हा मी म्हणालो होतो, तुझ्या त्या माळावर मी पाय ठेवणार नाही, ही काळ्या दगडावरची रेघ. तेव्हापासून तिचं माझं बोलणं नव्हतं. तिची आई महिन्यातून एकदा चालत वर जायची. मी घरी बसून वरच्या मजल्यावरची तिची खोली झाडायचो. पंख्याला तेलपाणी करायचो. म्हणजे गाडी झाली नाही तर लेक घरी येणार होती, आणि गाडी करायची होती मीच.

"होणार नाही," मी म्हणालो. "दोन चाकांची ओढ. उंच केली म्हणून तिची काही डोंगर चढणारी बकरी होत नाही."

हे खोटं होतं. ओढ पुरेशी होती, घोडं अडलं होतं ते फक्त पोटापाशी.

जावई चहा प्यायला आत गेले. पाच मिनिटांनी बायको फोन घेऊन बाहेर आली आणि तिने तो माझ्या काळ्या हातात कोंबला. "धरा. तिला तुमच्याशीच बोलायचंय."

पलीकडून आवाज आला, "बाबा, चार बोटं घासते."

बाकी काही नाही. कसे आहात नाही, रागावलात का नाही. ती लहान असताना शाळा सुटली की गॅरेजात येऊन बसायची. मोजपट्टी नेहमी कोणाच्या तरी खिशात हरवलेली असायची, म्हणून फट बोटांनी मोजायला मी तिला शिकवलं होतं.

"आडवी धरून?" मी विचारलं.

"आडवी. अंगठा सोडून."

"गाडी भरलेली असताना?"

"भरलेली असताना."

"बरं," मी म्हणालो आणि फोन परत दिला.

"झालं बोलून?" बायकोने विचारलं. "दोन वर्षांनी? सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जॅकवर घेतली. पुढच्या स्प्रिंगांच्या वर जाड चकत्या घातल्या, मागे आस आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या मधे लोखंडी ठोकळे बसवले, यू-बोल्ट जास्त लांबीचे घेतले. ब्रेकचे रबरी पाइप ताणले जात होते, तेही बदलले. आता किती उचलायची हा प्रश्न होता. जास्त उचलली तर भरलेली गाडी वळणावर कलंडते. अंदाजपंचे काम मला जमत नाही. लेकीची बोटं म्हणजे चवळीच्या शेंगा. तिच्या आईची अंगठी दोरा गुंडाळूनही तिच्या बोटात राहायची नाही. तिची चार म्हणजे माझी तीन. म्हणून दोन बोटं गाडी उचलली आणि एक बोट मोठ्या टायरने मिळवलं. हिशेब चोख बसला म्हणून मी स्वतःवरच खूश झालो.

"हे जुने चार टायर कुठे ठेवायचे?" बायको म्हणाली. "वरची खोली रिकामीच आहे."

"अंगणात राहू देत," मी म्हणालो. "ती खोली लागेल."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती आत गेली.

चौथ्या दिवशी चाकं सरळ करून घेतली, दिव्यांची नजर खाली केली, जावयांना बजावलं की मोठ्या टायरमुळे काटा आता वेग कमी दाखवणार. ते निघायला लागले, आणि बायकोने भिंतीवरची पाटी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ती पाटी माझ्याच हातची. 'ज्याने पान्हा फिरवला त्याने पहिल्या फेरीत गाडीत बसायचं.' हा नियम मी चाळीस वर्षांत एकदाही मोडलेला नाही.

"वाचता येतं मला," मी म्हणालो आणि हत्यारांची पेटी घेऊन पुढे बसलो.

वाटेत खताची पोती भरली, म्हणजे वजनही झालं. चढ गाडीने झकास काढला. शेवटच्या वळणावर लेक उभी होती. डोक्याला फडकं, पायात चिखलाचे बूट, चेहरा उन्हाने रापलेला. तिने मला पाहिलं, पण हाताने इशारा केला तो जावयांना. पुढची चाकं खडकावरून उतरली आणि खालून लोखंड किंचाळलं.

मी उतरलो तोच तापून. "चार बोटं म्हणालीस ना? चार दिली आहेत."

"नाही दिलीत, बाबा."

"मी मोजून दिली आहेत."

"मग मोजा," ती म्हणाली, वाकली आणि चेंबरवरच्या ओरखड्याशेजारी आपला हात आडवा धरला.

मीही माझा हात शेजारी धरला. तिचा हात माझ्याएवढा झाला होता. बोटं जाड, पेरं फुगलेली, नखांत माती, तळव्याला घट्टे. तिची चार बोटं माझ्या चारांना पुरून उरत होती. मी गाडी मोजली होती ती ऑफिसात जाणाऱ्या मुलीच्या हाताने.

मला रडू आलं. ते कोणापासून लपवलं नाही, लपवायला जागाही नव्हती.

"किती कमी पडलं?" तिने हळूच विचारलं.

"एक बोट."

"अजून उचलता येईल?"

"येईल. पण या वळणावर भरलेली गाडी आडवी होईल." मी खडकाकडे पाहिलं. चार बोटं खडक फोडायला वर्ष लागलं असतं. एका बोटाचं काय एवढं. मी पेटीतून छिन्नी आणि घण काढला. "जावईबापू, गाडी मागे घ्या."

"काळ्या दगडावरची रेघ होती ना, बाबा?" लेक म्हणाली.

"तीच पुसतोय. तोंड चालवू नकोस, पाणी आण."

तिने पाणी आणलं आणि मग दुसरी छिन्नी उचलली. दुपार होईपर्यंत आम्ही आळीपाळीने घाव घातले. माझ्यापेक्षा तिचे घाव नेमके पडत होते. जावई कपच्या गोळा करून रस्त्याच्या कडेला रचत होते. शेवटी मी पोटावर आडवा झालो आणि त्यांना म्हटलं, आणा. चाकं चढली, उतरली, आणि गाडीचं पोट खडकावरून अलगद पुढे सरकलं. वर रोपं होती, रांगांमागून रांगा, माझ्या कमरेएवढी.

मी घरी फोन लावला.

"पोचलात?" बायको म्हणाली.

"पोचलो. ऐक, मी आलो की ते जुने टायर वरच्या खोलीत ठेवू."

"आणि खोली लागली तर?" तिने विचारलं.

"नाही लागणार," मी म्हणालो. "आता आपणच इकडे यायचं."