उठेल त्याची मिशी

आंगेल ट्रॉलीवर कलिंगडं रचता रचता खाली पडून पाठीवर आपटला आणि त्याचं कंबरेखालचं सगळं गेलं. पाय गेले ते गावाला दिसलं. लघवी लागल्याचं कळणंही गेलं, ते फक्त त्याच्या बायकोला, वेताला, आणि शेजारीण म्हणून मला माहीत.

शहरातल्या इस्पितळात आउरिका नावाच्या नर्सने त्याला नळी घालायला शिकवली. हात स्वच्छ करायचे, नळी हळूच आत सरकवायची, पिशवीत लघवी उतरली की नळी काढून फेकायची. लागल्याचं कळत नाही, म्हणून हे घड्याळ बघून करायचं. आंगेलने तोंड फिरवलं.

"हे वेता करेल," म्हणाला.

"वेता जेवली की तुझं पोट भरतं का?" आउरिकाने विचारलं. "नाही ना? मग धर."

शिकला बापडा. पण घरी आल्यावर उंबऱ्याबाहेर पडेना. चारचौघांत विजार भिजली तर काय, ही धास्ती. लग्नं टाळली, बारशी टाळली.

कलिंगडांचा हंगाम संपला की आमच्या गल्लीत एक खेळ होतो. दोन गडी समोरासमोर बसून कलिंगड खातात. लघवीला जो आधी उठेल, त्याची मिशी सगळ्यांसमोर भादरायची. वेताचा भाऊ तितू यात कधी हरला नव्हता. मिशी अशी, की सूप पिताना एका हाताने वर धरावी लागे.

यंदा तो आंगेलला डिवचायला आला. "दाजी, बसा की माझ्यासमोर. की पाण्याचीही भीती बसलीय आता?"

आंगेलने बायकोकडे पाहिलं. ती भांडी घासत होती, पण खांदे हलत होते. हसत होती.

"बसतो," तो म्हणाला. "मिशीला शेवटचं तेल लावून ये."

वेताच्याच अंगणात टेबल मांडलं. त्यावर जमिनीला टेकेल एवढं मेणकापड. आंगेलची चाकांची खुर्ची भिंतीला लागून, मांडीवर घोंगडी. पंच म्हणून म्हातारी झांफिरा मावशी. साली उचलायला बादली घेऊन मी.

फोडीमागून फोडी गेल्या. मध्येच वेता यायची, "हात किती चिकट झालेत बघा," म्हणत ओल्या कागदाने नवऱ्याचे हात नीट पुसायची. मग त्याचे हात घोंगडीखाली जायचे. तोंडाने तो तितूला बियाण्याचा भाव विचारत राहायचा. थोड्या वेळाने मी वाकून बादलीत साली भरायची. सालींखाली भरलेली पिशवीही जायची. बादली भलतीच जड व्हायची, एवढंच.

तितूच्या कपाळावर घाम आला. गुडघे एकमेकांवर घासायला लागले.

"दाजी, तुम्हाला काहीच कसं होत नाही?"

"मला कंबरेखालचं कळत नाही रे. तुला कळतं, त्याचं वाईट वाटतं."

लोक हसले. वेताने अंगणातला नळ थोडा सोडून ठेवला. ते मात्र ठरलेलं नव्हतं. भावाला ती अशीच छळत आलेली.

तेवढ्यात तितूच्या हातची सुरी पडली. बसल्या बसल्या तो टेबलाखाली वाकला, आणि वर आला तेव्हा चेहरा टोमॅटोसारखा.

"नळी! मावशी, हा खाली नळी लावून बसलाय. पिशवी आहे पिशवी."

आंगेलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ज्याला तो एवढा भीत होता, तेच झालं होतं. मग त्याने घोंगडीखालून नळी काढली, पिशवी माझ्या बादलीत ठेवली, वेताने पुढे केलेल्या कागदाला हात पुसले आणि पुढची फोड उचलली.

"आहे," म्हणाला. "रोजचीच आहे. मावशी, नियम काय?"

झांफिरा मावशी म्हणाली, "नियम उठण्याचा आहे. मुतण्याचा नाही."

"अगं, पण तो तसाही उठू शकत नाही," तितू ओरडला, आणि टेबलावर मूठ आपटत ताडकन उभा राहिला.

सगळे त्याच्या पायांकडे बघत होते. मग त्यालाही कळलं.

"आधी जाऊन येतो," तो पडलेल्या आवाजात म्हणाला आणि शेडमागे पळाला. आम्ही बराच वेळ थांबलो.

मिशी आंगेलनेच भादरली, हलक्या हाताने. वस्तरा चालू असताना तितूने हळूच विचारलं, "दाजी, दुखतं का हो ते?"

"नाही. फक्त लाज वाटायची."

दुसऱ्या दिवशी आंगेलने आउरिकाला फोन केला. एवढं पाणी एका बैठकीत पोटात घातल्याबद्दल तिने त्याला यथेच्छ झोडपलं. मग बिनमिशीच्या तितूचा फोटो पाठवायला सांगितला.

पुढच्या रविवारी एका बारशाला आंगेल सगळ्यांच्या आधी हजर होता.